हौद्याचं माप

शोरूममधला पोरगा गाडीभोवती
आम्हाला फिरवून फिरवून ॲव्हरेज सांगत होता,
टॉर्क सांगत होता, हप्ता सांगत होता,
आणि मी पर्समधनं सुतळी काढून
हौदा मोजत होते.

सुतळीला चार गाठी.
पहिली : दुधाचे सहा कॅन, उभे.
दुसरी : सरकी पेंडीची पोती, आडवी, एकावर एक.
तिसरी : वांग्याचे क्रेट, जयसिंगपूरच्या सौद्याला जाणारे.
चौथी कशाची ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबगोंडांना पाहिजे होती टनात बोलणारी पिकअप.
सन्मतीला जीप. लाल. चारही चाकांना जोर असलेली.
दाजीपूरला जाऊन मित्रांबरोबर चिखलात घालायची म्हणे.
"चिखल बघायला दाजीपूरला कशाला रं?
आपल्या पाणंदीत चार महिने फुकट हाय की."
मामंजी खिडकीशी बसून चहा फुंकत होते.
"माझा गुडघा वाकंल तेवढीच उंच घ्या," म्हणाले,
"बाकी तुमचं चालू द्या."

मी त्या पोराला म्हटलं,
हायवेवर काय, सगळ्याच चालतात.
आमच्या रानापर्यंत घालून दाखव.
आला बिचारा, इस्त्रीचा शर्ट घालून.
ओढ्याच्या उतारावर पुढची चाकं
नुसती जागच्या जागी फिरायला लागली,
काळ्या रानानं नव्या गाडीचा पाय धरला तो सोडेना.
त्याच्या शर्टावर चिखलाची नक्षी.
सन्मती फोनवर शूटिंग करत होता,
त्याला मी एक टपली दिली.

दस्तगीर फिटर ट्रॅक्टर घेऊन आला,
साखळी लावली, ओढून काढली,
पोराला पाणी पाजलं, आणि हळूच मला :
"वैनी, गॅरेजच्या मागं एक उभी हाय.
रंगाकडं बघू नका, इंजिन ऐका."

इचलकरंजीच्या बँडवाल्यांची होती ती.
पाठीमागं अर्धं खरवडलेलं 'ब्रास बॅ',
पत्र्याला ढोलांनी पाडलेले पोचे,
कोपऱ्यात अजून चिकटलेला
कुणाच्या तरी वरातीतला चंदेरी कागद.
बाबगोंडांनी टायरला लाथ मारून बघितली.
त्यांचं गाडीचं ज्ञान तिथं सुरू होतं
आणि तिथंच संपतं.

मी सुतळी लावली.
कॅन बसले. पोती बसली. क्रेट बसले.
चौथी गाठ मात्र फाळक्यावर अडली,
वीतभर उरली.
"ह्या कशाचं माप?" बाबगोंडांनी विचारलं.
मी उत्तर दिलं नाही.
फाळका खाली पाडला, चप्पल काढली,
आणि भर गॅरेजात, दस्तगीरच्या पोरांदेखत,
हौद्यात आडवी झाले.
डोकं केबिनला, टाचा फाळक्यावर.
"बसतंय," म्हटलं. "घ्या हीच."

मामंजींसाठी एक उलटा क्रेट कायमचा मागं ठेवलाय.
त्यावर पाय देऊन ते चढतात
आणि कुणी हात पुढं केला तर रागावतात.
सन्मती म्हणतो, आई, हिला लाल तरी मारूया.
बघू, म्हणते. भुईमूग निघू दे.
परवाच्या रविवारी कृष्णेच्या काठाला गेलो,
हौद्यात सतरंजी, सतरंजीवर भडंग,
सतरंजीखाली सकाळच्या पेंडीचा चुरा.
दोन्हीचा वास मिसळला.
मामंजींनी तीनदा भडंग घेतला,
नंतर म्हणाले, जरा म्हशीचा लागतोय.

आणि रात्रीची थ्री-फेज असली की
मी मोटरीजवळ गाडी लावते.
पूर्वी बांधावर पोतं टाकून बसायचे,
एक डोळा विंचवावर, एक मीटरवर.
आता फाळका पाडते आणि पसरते.
उसाची पानं एकमेकांना घासत राहतात,
पत्रा दिवसभराची ऊब सोडत राहतो,
कूस बदलली की खालनं
एखादा पोचा टुण्णकन वर येतो.
वर कधी ढग, कधी तारे. मला नावं येत नाहीत.

"लाईट आली!" बाबगोंडा ओरडतात विहिरीवरनं.
ऐकू येतं मला.
"अगं, आली लाईट!"
असू दे.
बटण त्यांच्याच हाताशी आहे.